मौनाचा पुरावा : कोयनेच्या खोऱ्यातील गवळी धनगर आणि इतिहासाची साधने

१

सह्याद्रीच्या माथ्यावरील लहानशा वस्त्यांकडे पाहणाऱ्यास प्रथम जाणवते ती तेथील निवांतता. पावसाळा सरल्यावर कोयनेच्या खोऱ्यातील एखाद्या सड्यावर उभे राहिले, म्हणजे खाली पाण्याचा विस्तीर्ण पसारा, भोवती कारवीने आणि अंजनी-जांभळाने झाकलेले उतार आणि दूर कोठे तरी म्हशींच्या गळ्यातील घंटांचा नाद एवढेच अनुभवास येते. अशा स्थळी इतिहास घडला असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. घडला असलाच तर तो किल्ल्यांवर घडला, वाड्यांवर नव्हे, अशी आपली समजूत असते. ही निवांतता निसर्गदत्त आणि अनादी नसून तिच्यातील मोठा भाग गेल्या पावणेदोनशे वर्षांत घडत आलेला आहे, आणि तो ज्या कारणांनी घडला त्यांचा शोध घेणे हे इतिहासाभ्यासकाचे कर्तव्य आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

जावळीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांची जावळी घेतली, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध झाला. या दोन्ही प्रसंगांच्या वर्णनांत जावळीचे अरण्य हे जणू एक पात्रच आहे : त्याच्या दाटीचा, त्यातील अवघड वाटांचा आणि त्याने शत्रूची केलेल्या कोंडीचा उल्लेख प्रत्येक इतिहासकार करतो. परंतु त्या वाटा कोणी पाडल्या, त्या रानात कोणाची गुरे चरत आणि कोणत्या झऱ्याला उन्हाळ्यात पाणी राहते हे कोणास ठाऊक होते, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. अरण्य दिसले, अरण्यवासी दिसले नाहीत. रायगडाच्या परिसरातील गवळ्यांपैकी लोकस्मृतीत ठळकपणे उरली ती एक हिरकणी. आणि तीही दूध विकण्यास गडावर गेली आणि दरवाजे बंद झाल्यामुळे रात्री कडा उतरली एवढ्या एका आख्यायिकेपुरती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दूध घेऊन गडावर गेली असेल काय, तिच्या म्हशी कोठे चरत, तिचे घर माचीवर किती पिढ्या होते, याविषयी आख्यायिका मौन पाळते, आणि दुर्दैवाने इतिहासही.

२

या प्रदेशाची भौगोलिक घडण प्रथम लक्षात घेतली पाहिजे. कोयना महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते आणि सह्याद्रीच्या मुख्य धारेला समांतर अशी दक्षिणेकडे वाहत जाऊन हेळवाकजवळ एकदम पूर्वेकडे वळते व पुढे कऱ्हाड येथे कृष्णेस मिळते. नदीच्या दोन्ही अंगांस उंच डोंगररांगा असून त्यांचे माथे पुष्कळ ठिकाणी जांभ्या दगडाच्या सपाट सड्यांचे आहेत. येथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु त्याचा बहुतेक सारा भाग चार महिन्यांत पडून जातो. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी मुरून सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते, आणि फाल्गुन-चैत्र उजाडला म्हणजे माथा कोरडा ठणठणीत पडतो. म्हणजे अतिवृष्टी आणि पाणीटंचाई या दोन्ही गोष्टी येथे एकाच वर्षात व एकाच जागी नांदतात.

या परिस्थितीस अनुरूप अशी लोकवस्तीची मांडणी येथे झाली होती. खोऱ्याच्या तळाशी आणि खालच्या उतारांवर कुणबी राहत. भात खाचरांत आणि नाचणी-वरी उतारांवर घेत. माथ्यावर गवळी धनगर राहत. महाराष्ट्रात धनगर म्हटले म्हणजे माणदेशाच्या किंवा सोलापूरच्या कोरड्या माळावरील मेंढपाळ डोळ्यांसमोर येतो. मेंढराला सह्याद्रीचा पाऊस मानवत नाही. सततच्या ओलीने त्याचे खूर कुजतात. म्हैस मात्र त्या पावसात टिकते. म्हणून अतिवृष्टीच्या पट्ट्यातील धनगर म्हशी पाळणारा झाला. तो कळपामागे शेकडो मैल हिंडत नाही. माथ्यावर झाप किंवा घर बांधून राहतो, दुधाचे दही-लोणी-तूप करतो आणि ते खाली नेऊन त्याच्या मोबदल्यात धान्य घेतो.

माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी १९८० च्या सुमारास या समाजाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या मांडणीचा एक मार्मिक अर्थ लावलेला आहे. कुणब्यापाशी औताची मोजकी जनावरे असत आणि मांसासाठी तो शिकार करी. गवळ्यास दूधदुभते मुबलक असल्यामुळे शिकारीवर त्याचा भर नव्हता. एक खोऱ्याची जमीन वापरी, दुसरा माथ्याची. एकाच डोंगरावर राहणारे दोन समाज एकाच वस्तूसाठी झगडत नसत, तर भिन्न वस्तूंवर उपजीविका करून परस्परांशी देवघेव करीत. वस्त्याही लहान असत : उन्हाळ्यात झरा जेवढ्या म्हशींना पुरेल तेवढीच घरे. घरे वाढली म्हणजे काही कुटुंबे उठून दुसऱ्या माथ्यावर जात. देवरायांचेही या व्यवस्थेत स्थान होते. वा. द. वर्तक व गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांची जी पाहणी केली, तिच्यावरून देवाच्या नावाने राखलेली ही राने पुष्कळदा झऱ्यांच्या आणि ओढ्यांच्या उगमाशी असतात, ही गोष्ट अभ्यासकांच्या ध्यानात आली. श्रद्धा आणि पाण्याची निगा या दोहोंची येथे सांगड पडली होती.

३

आता साधनांचा प्रश्न. मेंढपाळ धनगरांविषयी आज आपणांपाशी समृद्ध वाङ्मय आहे. गुंथर सोन्थायमर यांचा बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरील ग्रंथ १९७६ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला, रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात पंढरीच्या दैवताचे गोपजनांशी असलेले नाते उलगडून दाखविले. ओव्या, जत्रा आणि दैवते यांच्या द्वारे कोरड्या पठारावरील पशुपालकांना इतिहासात प्रवेश मिळाला. माथ्यावरच्या गवळ्यांस तो तितकासा मिळालेला नाही.

मराठेशाहीच्या दप्तरांत त्यांची गाठ पडते ती प्रायः करांच्या बाबींत. वनचराई, म्हैसपट्टी, शिंगशिंगोटी या बाबी गुरे बाळगणाऱ्यांवर बसत. म्हणजे म्हैस दप्तरात आहे. तिच्या धन्याचे नाव, त्याची वस्ती, त्याचा वंश हे मात्र बहुधा नाही. कुणब्याची गोष्ट वेगळी. त्याचे थळ होते, मिरासी होती, हक्काचा तंटा झाला तर गोतसभेपुढे महजर होई, आणि महजर झाला म्हणजे इतिहासास कागद मिळे. गवळ्याचा माथा कोणाच्या मिरासीत नव्हता. त्याच्या जागेवरून तंटा क्वचितच उद्भवे. आणि तंटा नाही म्हणून कागद नाही. शांततेने राहणाऱ्या समाजाचा इतिहास भांडणाऱ्या समाजाच्या इतिहासापेक्षा दुर्मिळ असतो, हा साधनशास्त्रातील एक दुःखद नियमच म्हणावा लागेल.

इंग्रजी अमलात हा नियम अधिकच कठोर झाला. १८१८ मध्ये वासोटा पडला. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले. जमीन-मोजणीने लागवडीच्या क्षेत्रास नंबर दिले आणि त्या नंबरापुढे खातेदाराचे नाव लिहिले. जेथे नांगर चालत नव्हता त्या जमिनीपुढे सामान्यतः कोणाचेच नाव लागले नाही. चराईच्या माथ्यास शासकीय परिभाषेत एकच शब्द उरला : पडीक.

४

मुंबई इलाख्यात जंगलरक्षणाचा विचार इतर प्रांतांच्या मानाने लवकर सुरू झाला. दापोडीच्या वनस्पति-उद्यानाचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची १८४७ मध्ये जंगलांचे संरक्षक म्हणून नेमणूक झाली. घाटावरील झाडी तुटल्याने ओढे आटतात व हवामान बिघडते असे त्यांचे मत होते, आणि उतारावरील झाडी तोडून, ती जाळून तेथे दोन-तीन वर्षे पीक घेण्याच्या पद्धतीस, म्हणजे कुमरीस, त्यांचा विरोध होता. या मतात तथ्य नव्हते असे नाही. परंतु कुमरी करणारा तो जागा पुन्हा कित्येक वर्षे पडू देतो, आणि त्या विश्रांतीत रान पुन्हा उभे राहते, ही गोष्ट त्या विचारात गौण ठरली. लष्कर, गोदी आणि पुढे रेल्वे यांसाठी होणारी तोड मात्र गरजेची मानली गेली.

१८६५ चा पहिला जंगल कायदा आणि १८७८ चा दुसरा यांनी या विचारास दंडशक्ती दिली. १८७८ च्या कायद्यातील एक तरतूद आपल्या विषयाच्या दृष्टीने मर्मभूत आहे. एखादे क्षेत्र राखीव जंगल करावयाचे झाल्यास सरकारने तशी अधिसूचना काढावी, जमाबंदी अधिकाऱ्याने जाहीरनामा लावावा, आणि ज्यांचे त्या जमिनीवर काही हक्क असतील त्यांनी ठराविक मुदतीत ते लेखी अथवा समक्ष मांडावेत. ही मुदत किमान तीन महिन्यांची असे. त्या अवधीत जो हक्क सांगितला गेला नाही आणि चौकशीतही ज्याची माहिती मिळाली नाही, तो नष्ट झाला असे समजावयाचे. कुमरीच्या बाबतीत तर कायद्याने आणखी स्पष्टपणे म्हटले की तो हक्क नव्हेच. ती सरकारच्या मर्जीने चालणारी, आणि मर्जीने बंद होणारी, एक सवलत आहे.

या तरतुदीचा अर्थ असा की मौन हीच संमती ठरली. ज्यास वाचता येत नाही, ज्याच्या माथ्यावर पावसाळ्याचे चार महिने खालून कोणी चढून येत नाही, ज्याचा कचेरीशी संबंध चराईच्या पट्टीपुरता आला, त्याने तीन महिन्यांत लेखी हक्क सांगावा ही अपेक्षा कायद्याने निरपेक्षपणे केली. पण तिचा परिणाम निरपेक्ष नव्हता. बोलक्या समाजांनी आपले म्हणणे मांडले. घाटाखाली ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत राबासाठी फांद्या तोडण्याच्या प्रश्नावरून एवढा असंतोष माजला की सरकारास १८८५ मध्ये जंगल आयोग नेमावा लागला व त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथात जंगलखात्याने डोंगर व गायराने गिळल्यामुळे शेतकऱ्यांची व मेंढपाळांची झालेली दुर्दशा परखडपणे मांडली. माथ्यावरच्या गवळ्यांची बाजू मांडणारा असा मुखत्यार कोणी निघाला नाही.

५

विसाव्या शतकात कायद्याच्या जोडीस पाणी आले. कोयनेवर हेळवाकच्या परिसरात सुमारे १०३ मीटर उंचीचे धरण बांधण्यात येऊन १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात शिवाजीसागर जलाशय भरू लागला. पूर्वेकडे जाणाऱ्या नदीचे पाणी बोगद्यांवाटे पश्चिमेस पोफळीकडे वळवून त्यापासून वीज निर्माण झाली, आणि महाराष्ट्राच्या औद्योगिक उभारणीस तिचा मोठा आधार मिळाला, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु कोयनानगरपासून तापोळ्यापर्यंतचा खोऱ्याचा तळ, म्हणजेच कुणब्यांची भातखाचरे, पाण्याखाली गेली. इरावती कर्वे व जाई निंबकर यांनी या विस्थापितांची जी पाहणी केली, ती १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. पुनर्वसनाच्या अभ्यासात तिचे स्थान महत्त्वाचे आहे.

खोरे बुडाल्याने केवळ बुडालेल्यांचेच नुकसान झाले असे नाही. माथ्यावरचे गवळी बुडाले नव्हते. परंतु ज्यांच्याशी त्यांची देवघेव चालत असे ते शेजारी उठून गेले. लोणी घेणारा गेला, नाचणी देणारा गेला, आणि बाजाराची पायवाट जलाशयाच्या तळाशी गेली. नुकसानभरपाईच्या हिशेबात बुडालेली जमीन येते. तुटलेला शेजार येत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने उरलेल्यांची घरे खिळखिळी केली. जावळी आणि पाटण तालुक्यांतील तरुण मुंबईची वाट धरू लागले. मुंबईच्या धान्यबाजारांतील माथाडी कामगारांत सातारच्या या डोंगरपट्ट्यातील माणसे मोठ्या संख्येने आढळतात, त्यास हाच इतिहास पुष्कळ अंशी कारण आहे. त्या कामगारांसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. डोंगरात ज्यांस कायद्याने ओळखले नाही, त्यांस गोदामात ओझी वाहताना ओळख मिळाली.

१९८५ मध्ये कोयना अभयारण्य घोषित झाले. पुढे २०१० मध्ये कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र राखीव क्षेत्र निर्माण करण्यात आले. त्याचे एकूण क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटास जागतिक वारशाचा दर्जा लाभला, त्यात कास पठार, कोयना, चांदोली व राधानगरी यांचा समावेश आहे. या निमित्ताने प्रसिद्ध होणाऱ्या वर्णनांत ‘मनुष्यस्पर्शरहित अरण्य’ या अर्थाचे शब्द वारंवार येतात. मनुष्याचा स्पर्श नसणे आणि मनुष्य तेथून गेलेला असणे या दोन अत्यंत भिन्न गोष्टी आहेत. चराई थांबली म्हणजे सड्यांवर उंच गवत माजून लहान फुलझाडे मागे पडतात, असे मत काही अभ्यासकांनी कासच्या संदर्भात मांडलेले आहे. ते खरे ठरल्यास, ज्या फुलांसाठी आपण म्हशींना हुसकले त्या फुलांना म्हशींची गरज होती, असा विलक्षण निष्कर्ष निघेल.

६

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अगत्याचे आहे. गतकाळाचे सुवर्णयुग रंगविण्याचा मोह या विषयात फार होतो. गवळ्यांचे जीवन सुखाचे होते असे म्हणण्यास आधार नाही. प्रसूत होणाऱ्या स्त्रीस डोलीत घालून खाली उतरवावे लागे; मुलांना शाळा दूर होती; पावसाळ्यात आजारी पडलेल्या माणसास देवावाचून आधार नसे. पुनर्वसनाची संमती देणाऱ्यांपैकी काहींनी ती रस्त्यासाठी, दवाखान्यासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी दिली असेल, तर त्यांस दोष देण्याचा अधिकार शहरात राहणाऱ्या अभ्यासकास नाही. तसेच लोकसंख्या वाढून कुमरीच्या विश्रांतीची वर्षे घटली की डोंगर उघडा पडतो, हेही खरे आहे. वाघास निर्धास्त रान लागते, हेही खोटे नाही. प्रश्न जुनी व्यवस्था पुन्हा आणण्याचा नसून, ती होती हे मान्य करण्याचा आहे. कारण ती होती हे मान्य केल्यावाचून तिच्यात राहणाऱ्यांचे काय देणे लागते, हे ठरविता येत नाही.

७

हा प्रश्न आता केवळ पंडितांच्या चर्चेचा राहिलेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे आपल्या उद्देशिकेतच मान्य केले. त्या कायद्याखाली अनुसूचित जमातींच्या व्यक्तीस १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचे वास्तव्य दाखविणे पुरते. महाराष्ट्रात धनगर समाजाची गणना भटक्या जमातींत होत असल्यामुळे गवळी धनगरांस ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या वर्गात यावे लागते. आणि त्या वर्गास तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. दुसऱ्या शब्दांत, १९३० साली आपले पूर्वज याच वनप्रदेशात राहत होते, हे त्यांनी दाखवावयाचे आहे. ज्यांच्या हक्कांची नोंद १८७८ च्या कायद्याने मौनाच्या कारणाने पुसली, त्यांच्याकडे २००६ चा कायदा त्याच काळाच्या पुराव्याची मागणी करतो.

तथापि या कायद्याच्या नियमांत एक आशेचे स्थळ आहे. पुराव्यांची जी यादी नियमांनी दिली आहे, तिच्यात गॅझेटियर, जनगणना, मोजणीचे अहवाल व नकाशे ही कागदी साधने आहेतच. परंतु त्यांच्या बरोबरीने घरे, बांध व जमिनीची केलेली सपाटी, विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने, चराईची परंपरागत क्षेत्रे, वंशावळी आणि दावेदाराहून अन्य वृद्धांची लेखनिविष्ट केलेली निवेदने यांसही पुरावा म्हणून मान्यता आहे. इतिहाससंशोधनाने ज्या साधनांस आजवर दुय्यम लेखले, त्यांस कायद्याने प्रमाण मानले. विद्यापीठांना ही गोष्ट लज्जास्पद वाटावी, आणि त्याचबरोबर प्रेरकही वाटावी.

ही साधने कोणती व कोठे शोधावी, याचे दिग्दर्शन करून हा लेख पुरा करतो. सोडून दिलेल्या वाड्यांची जोती आजही सड्यांच्या कडेस आढळतात. त्यांची नोंद व नकाशे व्हावयास पाहिजेत. झऱ्याशी बांधलेले दगडी कुंड, गोठ्याच्या खुंट्यांच्या खाचा, पूर्वजांच्या नावाने मांडलेले दगड, ‘धनगरवाडा’ हे पद धारण करणारी स्थळनामे, हे सर्व अभिलेखच होत. ते शाईने लिहिलेले नाहीत एवढेच. करवसुलीच्या दप्तरांतील वनचराईच्या व म्हैसपट्टीच्या बाबी गाववार काढून त्या या स्थळांशी ताडून पाहिल्या पाहिजेत. जंगलखात्याच्या जुन्या चराई-परवान्यांचाही असाच उपयोग होईल. आणि सर्वांत निकडीचे काम म्हणजे वृद्धांची निवेदने. १९३० साली जे मूल होते, त्याने आज नव्वदी ओलांडलेली आहे. दप्तरातील कागद आणखी पन्नास वर्षे थांबू शकेल. ही माणसे थांबू शकत नाहीत.

माथ्यावरच्या समाजाने इतिहासास काही सांगितले नाही, असे आपण म्हणत आलो. वास्तविक त्याने आपले सांगणे झऱ्यावर, जोत्यावर, राखलेल्या देवराईवर आणि वंशावळीच्या मुखोद्गत नावांत ठेवून दिले होते. ते वाचण्यास डोंगर चढावा लागतो, आणि तेवढे कष्ट घेण्यास आपण उशीर केला आहे.